अवघड दिवसांसाठी स्वतःचा मंत्र: निवडायचा कसा, म्हणायचा कसा, फसतो कुठे?

वेशीवरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

"नाव घे, बरं वाटेल" असं सांगणारी माणसं आपल्या सोलापुरात विजापूर वेशीपासून सात रस्त्यापर्यंत कुठंही भेटतात. कोणतं नाव, किती वेळा, दिवसात कधी, आणि घेऊनही बरं नाही वाटलं तर पुढं काय, एवढं विचारलं की गप्प. दुसरीकडं मोबाइलवर रोज सकाळी येऊन पडणारी "मी शक्तिशाली आहे, मी श्रीमंत आहे" छापाची वाक्यं. ती वाचून हप्ता भरला जात नाही.

लांबलेलं आजारपण, गेलेली नोकरी, घरातलं माणूस जाणं, डोक्यावरचं कर्ज. हा काळ आठवड्याचा नसतो, चार-सहा महिने किंवा त्याहून जास्त चालतो. त्यात धरून ठेवायला एखादं नाव किंवा स्वतःचं वाक्य कसं घडवायचं, हे जाणकारांनी लिहावं. एकच विनंती: "आमच्या मावशीला असा अनुभव आला" नको. रीत लिहा, माप लिहा, चूक आणि चुकीचं कारण लिहा.

---

गोमुखी

लांबीपासून सुरू करतो. आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त कानावर पडणारी तीन नावं घ्या आणि अक्षरं मोजा. सिद्धेश्वराच्या देवळात 'ॐ नमः शिवाय', सहा. पंढरपुरात 'राम कृष्ण हरी', सहा. अक्कलकोटला 'श्री स्वामी समर्थ', सहा. तीन वेगळ्या परंपरा, माप एकच. सहा अक्षरं एका उच्छ्वासात ओढाताण न करता मावतात आणि घाबरलेल्या माणसालाही आठवतात. स्वतःचं वाक्य करणार असाल तरी पाच ते नऊ अक्षरांत बसवा. पंधराच्या पुढं गेलं की तो मंत्र राहत नाही, निबंध होतो.

आता म्हणायची रीत. जप तीन प्रकारचा: वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही, आणि मानस म्हणजे फक्त मनात. ग्रंथ मानस जपाला सगळ्यात वरचा म्हणतात, म्हणून लोक पहिल्याच दिवशी तिथं उडी मारतात. मन शांत असताना हे चालतं. डोक्यात वादळ असताना मनातला जप आणि मनातली काळजी दोन्ही एकाच खोलीत असतात, आणि काळजीचा आवाज मोठा असतो. पाच मिनिटांनी लक्षात येतं की आपण नाव घेतच नव्हतो, व्याजाचा हिशोब करत होतो. म्हणून वाईट दिवशी खालच्या पायरीवर उतरायचं: मोठ्यानं म्हणा. तेही जमत नसेल तर लिहा. लिखित जपात हात, डोळा आणि जीभ तिघंही कामाला लागतात. तेरा अक्षरी राममंत्र 108 वेळा लिहायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल तर एक पान, बस.

माळ हवीच असं नाही, पण हाताला काम मिळतं. मणी 7-8 मिलिमीटरचे घ्या. त्याहून बारीक असतील तर उन्हाळ्यात घामट बोटांतून दोन-दोन सरकतात. माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्यानं मणी आपल्याकडं ओढायचा, तर्जनी लांब. मेरुमणी (माळेच्या जोडावरचा मोठा मणी) ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं. 108 मणी असले तरी हिशोबात 100 धरायची रीत आहे, वरचे आठ चुकीमाकीसाठी. ही आठाची सूट लक्षात ठेवा, पुढं तिचा उपयोग आहे.

---

हिप्परगा

गोमुखी, माळ नसताना बोटांवर मोजायची करमाळही सांगा ना. दवाखान्याच्या बाकावर कोण माळ काढून बसणार.

---

गोमुखी

उजवा हात. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरू. मग अनामिकेचं खालचं पेर, करंगळीचं खालचं, मधलं, वरचं, मग अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं. झाले दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं मेरू समजून सोडायची. दहाचा एक फेरा झाला की डाव्या हाताचं एक पेर पुढं. हात खिशात किंवा पदराखाली असला तरी चालतं.

मुस्लिम शेजाऱ्यांकडं तस्बीहचा हिशोबही असाच नीट बांधलेला आहे: सुबहानल्लाह 33, अल्हम्दुलिल्लाह 33, अल्लाहु अकबर 34, एकूण 100. तीन टप्पे असल्यामुळं मध्ये मन भरकटलं तर शब्द बदलताना आपोआप जागं होतं. रचना म्हणून ही फार हुशारीची गोष्ट आहे.

---

मनाचा_मेकॅनिक

श्वासाचं गणित जोडतो, कारण निम्मं काम तिथं होतं.

2001 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला होता. 23 निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची जी प्रतिक्षिप्त यंत्रणा आहे तिची संवेदनशीलता वाढली. शब्द वेगळे, धर्म वेगळे, परिणाम सारखा. एरवी बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो.

तर करायचं असं. चार मोजेपर्यंत नाकानं श्वास आत, तेव्हा काही म्हणायचं नाही. मग सहा मोजेपर्यंत श्वास सोडताना मंत्र एकदा, सावकाश. एकूण दहा सेकंद. मिनिटाला सहा, पाच मिनिटांत तीस वेळा. हे दिवसातून दोनदा पुरतं.

फसतं कुठं? एक, लोक श्वास "खोल" घ्यायला लागतात, तोही भराभर. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. श्वास मोठा नको, लांब हवा, त्यातही सोडतानाचा. दोन, मंत्राचा जड भाग श्वास घेताना म्हटला जातो. तोलायचा शब्द कायम सोडतानाच. शेवट 'म्' किंवा लांब स्वरानं होत असेल तर श्वास आपसूक लांबतो.

---

कडक_भाकरी

लई भारी लिहूलालाव सगळे. पण देवाचं नाव घ्यायचंच नसंल तर त्यानं काय करायचं बे? का नास्तिकाला संकट येत नाही?

---

मनाचा_मेकॅनिक

येतं की. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी 1975 मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात श्वास सोडताना म्हणायचा शब्द होता फक्त 'एक'. इंग्रजीतला 'वन'. दहा ते वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि मन भटकलं तर स्वतःवर न चिडता परत शब्दावर यायचं. शरीर ढिलं पडायला शब्दाला अर्थ लागतोच असं नाही.

पण इथं दोन वेगळ्या कामांची गल्लत होते, ती सोडवू. पहिलं काम शरीर शांत करणं. त्याला नाव, 'एक', काहीही चालतं. दुसरं काम, ऐन वेळी डोक्यात योग्य वाक्य येणं. म्हणजे बँकेचा फोन वाजला, रिपोर्ट हातात आला, मुलाखतीत नकार आला, त्या क्षणी. तिथं अर्थ लागतो, आणि चुकीचा अर्थ नुकसान करतो.

2009 मध्ये जोन वुड आणि सहकाऱ्यांनी कॅनडात एक प्रयोग केला. स्वतःबद्दल मुळातच कमी मत असलेल्या लोकांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. त्यांना बरं नाही, आणखी वाईट वाटलं. कारण सरळ आहे: न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच उलटतपासणी घेतं. "मी सुखी आहे" म्हणा, आतून सतरा पुरावे विरोधात येतात. ज्याला गरज सगळ्यात जास्त त्यालाच हा मार सगळ्यात जास्त.

म्हणून स्वतःच्या वाक्याला तीन कसोट्या. आज, आत्ता ते खरं आहे का? ते माझ्या हातातल्या गोष्टीबद्दल आहे का? आणि ते शत्रूसमोर मोठ्यानं म्हटलं तर तो हसेल का? तिसरी कसोटी गमतीची वाटेल, पण फुगलेली वाक्यं तिथंच पडतात.

---

सूतगिरणी

मेकॅनिकसाहेबांच्या कसोट्या लावून काही जोड्या करून बघितल्या. पहिलं टाका, दुसरं ठेवा, एवढंच नाही. का बदललं ते बघा.

घरात लांबलेलं आजारपण. "सगळं ठीक होईल" हे वाक्य डॉक्टरही देत नाही, मग तुम्ही स्वतःला कशाच्या जोरावर देणार? त्याऐवजी "आत्ता फक्त हा डोस" किंवा नुसतं "एवढंच आत्ता". सहा अक्षरं, गोमुखींच्या मापात. शुश्रूषा करणारा खचतो तो आजच्या कामानं कमी आणि पुढच्या सहा महिन्यांच्या कल्पनेनं जास्त. वाक्यानं तो पल्ला कापून हातातल्या वाटीवर आणायचा.

नोकरी गेली. "मी यशस्वी आहे" बाद. "रोज दोन अर्ज" चालेल, पण सावध राहा, हे उद्दिष्ट झालं. एक दिवस अर्ज नाही झाला की तेच वाक्य चाबूक होतं. "आजचं आज" जास्त टिकतं.

कर्ज. इथं जरा थांबू, कारण मंत्राचा सगळ्यात जास्त गैरवापर इथं होतो. हप्ते थकलेत, माणूस रोज दोन तास जप करतोय आणि बँकेचं पाकीट न उघडता फडताळात ठेवतोय. हा जप नाही, टाळाटाळ आहे. आधी एका कागदावर चार रकाने करा: कोणाचं, किती, व्याज किती, पुढची तारीख. पाकिटं उघडा, बँकेला स्वतःहून फोन करून मुदत किंवा हप्त्याची फेरमांडणी मागा. एवढं झाल्यावर रात्री तीन वाजता जाग येते त्या वेळेसाठी वाक्य ठेवा: "कागदावर आहे, डोक्यात नको". थोडं लांब आहे, पण उपयोगी, कारण ते खरं आहे. कागदावर नसताना हेच वाक्य म्हटलं तर चालत नाही, मन खोटं पकडतं.

माणूस गेलं. दुःखात हुकूम देणारी वाक्यं करू नका. "रडू नको", "खंबीर हो", "पुढं बघ" ही तिघंही दारातूनच परत. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर यांनी दाखवलं होतं की "पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका" असं सांगितलं की तेच अस्वल परत परत येतं. ज्याला दाबाल ते वर येणार. "येतंय, येऊ दे" बघा. श्वास घेताना येतंय, सोडताना येऊ दे. मी सांगितलेल्या सगळ्या वाक्यांत मला हेच सगळ्यात कामाचं वाटतं. लाट येते, जाते, वाक्य तिला अडवत नाही.

परीक्षा: "जे येतं ते लिही". पुढचं सांगायची गरज नाही.

---

अर्धा_कट

भाषेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. सोलापुरात घरोघरी भाषा बदलते. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडं कन्नड, बऱ्याच गल्ल्यांत दख्खनी. मंत्र त्या भाषेत करा ज्या भाषेत ठेच लागल्यावर तोंडातून आवाज निघतो. तेलुगू घरात "एं कादु" (काही होत नाही) हे आजीच्या तोंडचं वाक्य कुठल्याही पुस्तकी मराठी वाक्यापेक्षा खोल जाईल. कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. दोन्ही अर्थ अडचणीच्या माणसाला चालण्यासारखे आहेत, घ्या फुकट.

दुसरं, पुरुष कोणता वापरायचा. 'मी' की 'तू'? ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी 'मी' न म्हणता स्वतःचं नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून बोललं तर घाबरणं कमी होतं आणि नंतर त्याच प्रसंगाचं रवंथही कमी होतं. मराठी माणसाला हे नवीन नाही. समर्थ रामदासांनी मनाला 'मना' म्हणून हाक मारून 205 श्लोक लिहिले. मन समोर बसलेलं दुसरं कोणीतरी आहे, असं धरून. म्हणून "मी करू शकतो" पेक्षा "अगं सुमन, सावकाश" हे बरं. आणि 'तुम्ही' नको, 'तू'च. स्वतःला अहोजाहो केलं की व्याख्यान सुरू होतं.

---

हिप्परगा

मंत्र चांगला असून उपयोग होत नाही त्याचं सगळ्यात साधं कारण: ऐन वेळी आठवतच नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम यावरच आहे. नुसतं "मी जप करीन" ठरवलं तर होत नाही. "अमुक झालं की तमुक करीन" असं बांधलं तर होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून मंत्राला खुंटी हवी.

खुंटी रोजची, ठरावीक आणि दिसणारी किंवा ऐकू येणारी असावी. तव्यावर भाकरी टाकली की एकदा. विड्यांचा कट्टा बांधून दोरा ओढला की एकदा. दुकानाचं शटर वर गेलं की तीनदा. गाडीला किल्ली लावली की, चालू करण्याआधी. सिग्नलला लाल दिवा लागला की. नळाला पाणी आलं की, ही खुंटी मात्र आपल्याकडं ठेवू नका, पाणी रोज येत नाही, मधले दिवस मंत्राविना जातील.

संकटासाठी वेगळी खुंटी: "फोनवर त्या नंबरचं नाव दिसलं की उचलण्याआधी एक श्वास, एक मंत्र." हे शांत असताना दिवसातून पाचदा खोटं खोटं करून बघा. फोन हातात, स्क्रीनकडं बघा, श्वास, मंत्र, मग 'हॅलो'. सराव न करता थेट खऱ्या फोनला वापरायला गेलात तर आठवणार नाही. नाटकाची तालीम न करता प्रयोगाला उभं राहण्यासारखं आहे ते.

चालताना म्हणणाऱ्यांसाठी: पावलाला अक्षर बांधू नका, धाप लागते. चार पावलं श्वास आत, सहा पावलं बाहेर, बाहेरच्या सहात मंत्र. तलावाच्या काठानं रमतगमत चालताना हे बसतं. घाईच्या चालीला तीन-पाच करा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (उंच, जड काठ्या) पेलणाऱ्यांबरोबर जो "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा जयघोष चालतो, तो नीट ऐका. एक जण हाक देतो, बाकीचे उत्तर देतात. जड काठी आणि शहरभरच्या 68 लिंगांचा पल्ला असताना एकट्याचा दम पुरत नाही, म्हणून आवाज वाटून घेतलेला असतो. घरात दोघं असाल तर हे उसनं घ्या. एकानं पहिला अर्धा, दुसऱ्यानं दुसरा.

---

कडक_भाकरी

आकड्याच्या नादावर पण कोणी तरी लिवा की. अॅपवर लाख जप झाले म्हणून स्टेटस ठेवणारे लई झालेत. हिशोब करून बघितला. परंपरा सांगते समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केले. 4380 दिवस धरले तर रोजचे सुमारे 29,700. 108 च्या माळा 275. एका जपाला एक सेकंद धरला तरी सव्वाआठ तास. ते त्यांचं पूर्णवेळ काम होतं बाबांनो. तुमाला दुकान हाय, पोरं हायत. मोबाइलवर अंगठ्यानं टकटक करून जे होतंय ते बोटाचा व्यायाम.

---

गोमुखी

आकडा मुळात वाईट नाही. अनुष्ठानात संख्या असते ती शिस्तीसाठी. पण संकटात असलेल्या माणसानं पुरश्चरणाचे (ठरवून केलेल्या मोठ्या जपाचे) आकडे डोक्यात घेऊ नयेत याच्याशी सहमत. त्यानं वेळ मोजावा, संख्या नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घड्याळ उलटं ठेवून गजर लावा.

भरभर म्हणण्याचा आणखी एक तोटा आहे, आणि तो जप करणारे लोक मान्य करत नाहीत. कोणताही शब्द अर्धा मिनिट भराभर म्हणा, 'पाणी पाणी पाणी', त्याचा अर्थ गळून पडतो, नुसता आवाज राहतो.

---

मनाचा_मेकॅनिक

हो, आणि हे दोन्हीकडून वापरता येतं! मानसोपचारात मुद्दाम असं करतात. "मी नालायक" हा शब्द डोक्यात रुतला असेल तर तोच तीस-चाळीस सेकंद मोठ्यानं भराभर म्हणायचा. त्याची धार जाते, तो फक्त आवाज आहे हे जाणवतं. मानसशास्त्रज्ञ टिचनर यांनी शंभर वर्षांपूर्वी हा परिणाम नोंदवला होता. तर नियम सोपा: टोचणारा शब्द भराभर, धरायचा शब्द सावकाश. उलट केलं की उलटं होतं.

नामजपवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे हे मान्य. नामात अर्थ विरघळला तर त्यांच्या दृष्टीनं ते यशच. पण "आत्ता फक्त हा डोस" विरघळून चालत नाही.

आता या धाग्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं. मंत्र कधी थांबवायचा.

काही लोकांत जप हाच आजाराचा भाग होतो. ओळखायच्या खुणा: मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून, "108 पूर्ण नाही झाले तर घरात कोणाला तरी काहीतरी होईल" अशी भीती, उच्चार बरोबर झाला का हे घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारणं, यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जाणं. ही मंत्रचळेपणाची (इंग्रजीत ओसीडी) लक्षणं आहेत. नावातच 'मंत्र' आहे, बघा. यात जप वाढवून उपयोग नाही, प्रत्येक फेऱ्यानं भीती पक्की होते. उपचार उलटा असतो: चूक तशीच राहू द्यायची आणि पुढं जायचं, तेही जाणकाराच्या देखरेखीखाली. गोमुखींनी सांगितलेली आठ मण्यांची सूट इथं आठवा. परंपरेनंच चुकीला जागा ठेवली आहे. तुम्हाला ती घेता येत नसेल तर डॉक्टरकडं जा.

दुसरं, सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, कशातच रस नाही, झोप किंवा भूक बिघडलेली. हा 'अवघड काळ' राहिला नाही, नैराश्य असू शकतं. मंत्र सोबत चालू द्या, पण तपासून घ्या. सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे. औषध सुरू झालं तर परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्या मधल्या काळात "गोळीनं काही होत नाही, जप पुरे" म्हणून गोळी सोडणं ही नेहमीची चूक. जीव द्यावासा वाटत असेल तर मंत्राची वाट बघायची नाही. टेलिमानस 14416, फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलतात. आणि त्या रात्री एकटं राहायचं नाही.

---

वेशीवरची

खूप कामाचं लिहिलंत सगळ्यांनी. दोन शंका. बसायला किती दिवस लागतात? आणि वाक्य बदलायचं कधी? दर आठवड्याला नवीन सुचतं.

---

हिप्परगा

21 दिवस विसरा. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 लोकांच्या साध्या सवयी मोजल्या, 2010 मध्ये छापलं. सरासरी 66 दिवस, पण तफावत किती बघा: कोणाला 18, कोणाला 254. एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. म्हणजे खाडा झाला की पुन्हा शून्यापासून, हा नियम लोकांनी स्वतःच लावून घेतलेला.

बदलायचं कधी: परिस्थिती बदलली तर. डोस संपले, माणूस घरी आलं, तर "हा डोस" निरर्थक. नुसता कंटाळा आला म्हणून बदलू नका. कंटाळा येणं म्हणजे ते तोंडात बसू लागलंय. एका वेळी एकच. तीन वाक्यं असतील तर ऐन वेळी मन निवड करत बसतं आणि तोवर फोन कट होतो.

---

अर्धा_कट

एक पुस्ती. वाक्य घरात सांगायचं की नाही? दीक्षेचा मंत्र गुप्त ठेवायची रीत आहे, ती आपापल्या जागी. पण स्वतः केलेलं वाक्य एका माणसाला सांगून ठेवा. तुम्ही कोलमडलात तर तो ते तुम्हाला म्हणून दाखवू शकतो. मात्र भिंतीवर चिकटवू नका. आठ दिवसांत डोळा त्याला कॅलेंडरसारखा ओलांडून जातो.

---

वेशीवरची

आणि माळ न वापरणाऱ्यांना हाताला काय?

---

सूतगिरणी

दोरा! फ्रान्सचे एमिल कुए, औषधविक्रेते होते, ते लोकांना वीस गाठींचा दोरा द्यायचे. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी वीसदा वाक्य, दर वेळी एक गाठ. त्यांचं वाक्य "दिवसेंदिवस सर्व बाजूंनी मी सुधारतोय" असं काहीसं होतं. वुड यांचा प्रयोग वाचल्यावर ते घेऊ नका, दोरा घ्या.

सोलापुरात सुताला काय तोटा. जाड, पीळदार सुती दोरा घ्या, रेशमी किंवा नायलॉन नको, गाठ सरकते आणि ओल्या बोटाला कळत नाही. दीड-दोन मीटर कापा. एका टोकाला चार बोटं सोडून पहिली गाठ, मग दोन-दोन बोटांवर पुढच्या. प्रत्येक गाठ दुहेरी, म्हणजे अंधारात हाताला लागेल. दहाव्या गाठीला तिसरा वेढा द्या, अर्धं झालं हे न बघता समजतं. टोकं एकमेकांना बांधू नका. गोल झाला की थांबायचं कुठं ते कळत नाही आणि मोजणं सुरू होतं.

धुवायचा असेल तर आधी एकदा पाण्यात भिजवून वाळवा आणि मग गाठी मारा. उलट केलं तर सूत आटतं आणि अंतरं कमी-जास्त होतात.

---

कडक_भाकरी

दोरा भिजवून ठिवलाय. उद्या गाठी मारतो.